सांभाळणाऱ्याच्या हाती कोणता कागद?

मध्य प्रदेशातील एका अडीच वर्षांच्या मुलीच्या ताब्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२४ रोजी जो निकाल दिला, तो कौटुंबिक वादांच्या नेहमीच्या गठ्ठ्यात टाकून देण्यासारखा नाही. आईचा अनैसर्गिक मृत्यू झाला तेव्हा ही मुलगी वर्षाचीही नव्हती. तेव्हापासून ती मावशीच्या घरी वाढत होती. वडील आणि त्यांच्या आईवडिलांनी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका केली, आणि वडील हे नैसर्गिक पालक असल्याने मुलीला त्यांच्याकडे सोपवावे, असा आदेश त्यांना मिळाला. न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने तो आदेश रद्द केला. मूल म्हणजे जंगम मालमत्ता नव्हे. ताबा बदलल्याने त्याच्यावर काय परिणाम होईल याचा विचार न करता ते एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. वडील व आजी-आजोबांना मुलीला ठरावीक शनिवारी दुपारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात भेटण्याची मुभा मिळाली. ताब्याचा अंतिम प्रश्न १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखालील रीतसर अर्जावर सोडवावा, असेही न्यायालयाने सांगितले.

निकाल योग्यच आहे. पण तो वाचल्यावर माझ्या मनात जो प्रश्न उरला, तो ताब्याचा नव्हता. ती मुलगी मावशीकडे राहिली. मग तिची मावशी कायद्याच्या दृष्टीने तिची कोण? उद्या त्या मुलीला शाळेत घालायचे, तिच्या नावाने बँकेत खाते उघडायचे, तिच्यावर शस्त्रक्रिया करायची, तर सही कोणाची चालेल? आपल्याकडे ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अशा बहुतेक निकालांत नातेवाइकाला पहिली मिळते, दुसरी मिळत नाही. मूल एका घरात वाढते, त्याच्या आयुष्याची किल्ली मात्र दुसऱ्या घरातल्या खुंटीवर टांगलेली राहते.

ही फारकत कायद्यात खोलवर आहे. फौजदारी कायद्याचे पाहू. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार कायदेशीर पालकाच्या ताब्यातून अज्ञान मुलाला पळवून नेणे हा गुन्हा आहे, आणि तिथल्या स्पष्टीकरणात मुलाची देखभाल ज्याच्याकडे कायदेशीररीत्या सोपवली आहे, अशी कोणतीही व्यक्ती 'पालक' या शब्दात येते. कलम २७ बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देते. तिथेही पालकाबरोबर 'कायदेशीर सांभाळ करणाऱ्या' अन्य व्यक्तीच्या संमतीचा उल्लेख आहे. म्हणजे फौजदारी कायद्याला मावशी, मामा, आजी दिसतात. १८९० च्या अधिनियमातली पालकाची व्याख्याही उदार आहे: मुलाची किंवा त्याच्या मालमत्तेची काळजी वाहणारा तो पालक. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाशी आलो, की मात्र दार अरुंद होते. तिथे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात फेब्रुवारी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' या शब्दाचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' असा न घेता 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असा घेतला आणि आईची बाजू सावरली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा वादही एका सहीवरूनच उद्भवला होता. मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना आईची सही बँकेला पुरेशी वाटली नव्हती. आईला ती सही मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले, तर मावशीने कुठे जावे?

जबलपूर हे या प्रश्नाकडे पाहण्यासाठी योग्य ठिकाण आहे, आणि त्याचे कारण केवळ वरचा निकाल नव्हे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ इथे आहे. मराठी वाचकांना हे न्यायालय परके नसावे: जानेवारी १९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाचाच वारसा राज्यपुनर्रचनेच्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जबलपूरला आला आणि नागपूरचे मुख्य न्यायाधीश न्या. हिदायतुल्ला हेच नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. जबलपूर-नागपूरदरम्यान नाती, नोकऱ्या आणि लग्ने आजही सीमा ओलांडत असतात. त्यामुळे एका राज्यातले मूल दुसऱ्या राज्यातल्या मामाकडे वाढणे यात नवल काही नाही. नवल आहे ते कायद्याचे. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला १८९० च्या अधिनियमाच्या कलम २६ नुसार पाल्याला न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. जबलपूरच्या न्यायालयाने नेमलेल्या मामाची बदली नागपूरला झाली, तर भाच्याला बरोबर नेण्याआधी त्याने अर्ज करायचा आहे. रीतसर नेमणूक न घेता मूल सांभाळणारा मामा मात्र संध्याकाळच्या गाडीने खुशाल निघून जाऊ शकतो. नियम पाळणाऱ्यावर बंधन आणि न पाळणाऱ्याला मोकळीक, अशी ही रचना आहे.

एक उदाहरण कल्पून पाहा. जबलपूरच्या रांझी किंवा खमरिया भागात, संरक्षण कारखान्यांच्या वसाहतीत राहणारे एक जोडपे अपघातात गेले. मागे सात वर्षांची मुलगी, तिची आजी, आणि वडिलांच्या नोकरीची देणी. घरात भांडण नाही. काका, मामा, आत्या सगळ्यांचे एकमत आहे की मुलगी आजीकडेच राहावी. कायद्याला भांडण कळते. हे एकमत मात्र त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. मुलीची देणी स्वीकारायची तर पालकत्वाचा आदेश हवा. तो आदेश मागायला आजी गेली, की तिला समजते की दारे दोन आहेत. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमानुसार मुलाच्या व्यक्तिविषयक पालकत्वाचा आणि ताब्याचा विषय कुटुंब न्यायालयाकडे जातो. मालमत्तेच्या पालकत्वासाठी जिल्हा न्यायालय. एकच आजी, एकच नात, दोन अर्ज, दोन वकील आणि तारखांचे दोन कागद. सासर-माहेरच्या कोणत्याही वादाशिवाय, केवळ कोणी मेले म्हणून, ही यातायात.

यावर कोणी म्हणेल की सरकारने हल्ली बरेच काही केले आहे. केले आहे, हे मान्य. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, मे २०२१ मध्ये, केंद्राने 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' जाहीर केली. मध्य प्रदेशाने त्याच महिन्यात अनाथ झालेल्या मुलांना दरमहा पाच हजार रुपयांचे साहाय्य देऊ केले. पुढच्याच वर्षी 'मुख्यमंत्री बाल आशीर्वाद' योजनेने नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलांसाठी दरमहा चार हजार रुपयांची तरतूद केली, आणि ती रक्कम मूल व सांभाळणारा नातेवाईक यांच्या संयुक्त खात्यात जमा होते. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना तर याहून जुनी; तिचे मासिक अनुदान आता २२५० रुपये आहे. या योजनांत एक विसंगती आहे, तिच्याकडे धोरणकर्त्यांचे लक्ष जात नाही. महिला व बालविकास विभागाच्या टेबलावर आजी ही विश्वासपात्र पालक ठरते. तिच्या खात्यात सार्वजनिक पैसा जातो. शेजारच्या इमारतीतल्या टपाल कार्यालयात तीच आजी कोणीच नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाच्या निर्देशांनुसार टपाल खात्याने आदेश काढला, की आजी-आजोबांनी उघडलेली सुकन्या समृद्धी खाती १ ऑक्टोबरपासून नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकाच्या नावे वर्ग करावीत. आईवडील हयात असताना हा आदेश रास्त आहे. ते नसताना 'कायदेशीर पालक' हा शब्द आजीला पुन्हा त्या दोन दारांपाशी आणून उभा करतो.

दत्तक घ्या म्हणजे प्रश्न मिटला, असा सल्लाही ऐकू येतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात नातेवाइकांनी दत्तक घेण्याची सोय आहेच. पण आजीने नातीची आई व्हायचे का? दत्तकविधान जुने नाते पुसून नवे लिहिते. इथे जुने नाते पुसावे अशी कोणाचीच इच्छा नाही. शिवाय त्या अधिनियमातील 'नातेवाईक' या शब्दात काका-काकू, मामा-मावशी, आत्या आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात. बावीस वर्षांची थोरली बहीण येत नाही. धाकट्या भावाला खरोखर वाढवणारी बहुतेक वेळा तीच असते, हे मसुदा करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. १८९० चा जुनाट म्हणून हिणवला जाणारा अधिनियम इथे अधिक शहाणा आहे. त्याच्या कलम ८ नुसार कोणीही नातेवाईक, किंबहुना मित्रसुद्धा, अर्ज करू शकतो. पालक स्वतः अज्ञान नसावा, एवढीच वयाची अट.

आता भांडणाकडे वळू. कारण निकाल भांडणांतूनच येतात, आणि लोकांची कायद्याविषयीची समजूत निकालांवरून बनते. गेल्या दीड दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली चार प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. २००९ मध्ये मध्य प्रदेशातूनच आलेल्या प्रकरणात आईच्या मृत्यूनंतर आजीने वाढवलेले मूल आजीकडेच राहिले. नैसर्गिक पालकाचा हक्क निरपवाद नाही, मूल जिथे चांगले वाढते आहे तिथून ते उपटू नये, असा तो विचार. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणात आई कर्करोगाने गेली, तान्ही मुलगी मावश्यांकडे होती, न्या. आर. भानुमती व न्या. सुभाष रेड्डी यांनी ती वडिलांकडे सोपवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश कायम केला. आजारपणात मुलीला सांभाळले म्हणून मावश्या कायदेशीर पालक होत नाहीत, असे तिथे स्पष्ट झाले. जून २०२२ मध्ये कोविडने पोरक्या केलेल्या मुलासाठी एका बाजूला वृद्ध आजी-आजोबा आणि दुसऱ्या बाजूला सरकारी नोकरीतील अविवाहित मावशी असा पेच होता. गुजरात उच्च न्यायालयाने मावशीला दिलेले मूल न्या. एम. आर. शहा व न्या. अनिरुद्ध बोस यांनी वडिलांच्या आईवडिलांना दिले. चौथे प्रकरण २०२४ चे, ज्याने लेखाची सुरुवात केली.

चारही निकालांत 'मुलाचे कल्याण सर्वोपरी' हेच तत्त्व आहे. १९५६ च्या अधिनियमाचे कलम १३ तेच सांगते, आणि त्यात चूक काही नाही. नातेवाइकाला मुलावर 'हक्क' नाही, आणि असूही नये. हक्क आहे तो मुलाचा. मला खटकते ते दुसरेच. २०१९ आणि २०२४ मध्ये वस्तुस्थिती बरीचशी सारखी आहे: लहानगी मुलगी, मृत आई, मावशीचे घर, वडिलांची हेबियस कॉर्पस याचिका. निष्पत्ती उलट. दोन्ही निकाल आपापल्या जागी समर्थनीय असतीलही, पण ज्या मावशीने उद्या रात्री दीडला तापाने फणफणलेले भाचरू मांडीवर घ्यायचे आहे, तिला यातून आपले स्थान काय हे कळत नाही. आणि २०२२ च्या निकालात, आपल्या समाजात आजी-आजोबा नातवंडांची काळजी अधिक चांगली घेतात, या धर्तीचे जे विधान आले, ते मला पटत नाही. मावशीचे वय आणि उत्पन्न एवढ्यावर निर्णय करू नये, हे न्यायालयाचे म्हणणे बिनतोड आहे. मात्र त्या जागी समाजाविषयीचा एक सर्वसाधारण समज ठेवणे म्हणजे कल्याणाचा पुरावा नव्हे. आपल्याच साहित्यात आणि म्हणींत मावशीला जे स्थान आहे, ते पाहता उलटा समजही तितक्याच सहजतेने मांडता आला असता.

या निकालांत आणखी एक अडचण दडली आहे. काळ हा इथे स्वतःच पुरावा बनतो. मूल जितका काळ एका घरात राहील, तितके त्याला तिथून हलवणे अवघड. आणि जो ताब्यात ठेवील त्याचा काळ आपोआप वाढत जातो. त्यामुळे प्रत्येक बाजूला पहिल्या दिवशी मूल आपल्याकडे घेऊन बसण्याचा मोह होतो, मग तेराव्याच्या आधीच भांडण सुरू होते. प्रामाणिक मावशी आणि हटवादी मावशी यांच्यात फरक करण्याचे साधन न्यायालयाकडे सुरुवातीला असते. तीन वर्षांनंतर ते उरत नाही. १८९० च्या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये अंतरिम आदेशाची सोय पहिल्यापासून आहे. अर्ज दाखल झाल्यापासून काही आठवड्यांत मूल तूर्त कुठे राहील आणि दुसऱ्या घराला ते केव्हा, कसे भेटेल, एवढे ठरवणे अशक्य नाही. शनिवारच्या दोन तासांची भेट, जी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ठरवावी लागली, ती जिल्ह्यातच पहिल्या महिन्यात ठरती तर त्या मुलीला वडिलांचा चेहरा अनोळखी वाटला नसता.

आता जबाबदारीविषयी, कारण नातेवाइकांच्या बाजूने लिहिताना तेवढाच भाग झाकून ठेवणे सोयीचे असते. मुलाच्या देहाची काळजी आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या, आणि माझ्या मते दुसऱ्या बाबतीतली कठोरता तसूभरही सैल करू नये. १८५६ साली प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे खटल्यात अज्ञान वारसाच्या इस्टेटीचा कारभार प्रत्यक्ष पाहणाऱ्याला गरजेपुरते कर्ज काढण्याचा अधिकार मान्य केला. त्या 'गरजे'च्या नावाखाली पुढची शंभर वर्षे अनेक पोरक्या मुलांच्या जमिनी हातोहात गेल्या. १९५६ च्या अधिनियमाने कलम ११ मध्ये एका वाक्यात ते दार लावले: केवळ प्रत्यक्ष सांभाळ करतो म्हणून कोणालाही अज्ञानाच्या मालमत्तेची विल्हेवाट लावता येणार नाही. काकाने पुतण्याचे शेत कसले, पीक विकले, मुलाच्या शाळेवर खर्च केला, इथपर्यंत माणुसकी आहे. त्याच शेताचे खरेदीखत तो करून देऊ शकत नाही. न्यायालयाने रीतसर नेमलेला पालकसुद्धा पूर्वपरवानगीशिवाय स्थावर विकू किंवा गहाण टाकू शकत नाही, पाच वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही करू शकत नाही. परवानगीही निकड किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच मिळते. नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय असा व्यवहार केला, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ते तो रद्द करून घेऊ शकते.

नेमलेल्या पालकाची कर्तव्येही थोडी नाहीत. मुलाचे पोषण, आरोग्य, शिक्षण. स्वतःच्या मालमत्तेची सामान्य शहाणा माणूस जशी काळजी घेतो तशी पाल्याच्या मालमत्तेची घेणे. न्यायालयाने फर्मावल्यास हमीपत्र, सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, वेळोवेळी हिशेब. पाल्याशी त्याचे नाते विश्वस्ताचे असते, म्हणून त्या स्थानाचा स्वतःसाठी लाभ उठवता येत नाही. आणि हे सारे न पाळल्यास शिक्षा? हिशेब वेळेवर न देणाऱ्या पालकाला कलम ४५ खाली दंड शंभर रुपयांपर्यंत; तरीही तो अडून राहिला तर दिवसाला दहा रुपये, सगळे मिळून पाचशेपर्यंत, आणि मग दिवाणी कैद. हे आकडे राणी व्हिक्टोरियाच्या काळातले आहेत. तेव्हा शंभर रुपये म्हणजे काही होते. आज पोरक्या मुलाची लाखोंची भरपाई हाताळणाऱ्याला त्या रकमेची काय भीती वाटणार?

म्हणून माझे म्हणणे असे, की मालमत्तेबाबत कायदा कडक करावा आणि दैनंदिन सांभाळाबाबत सोपा. आज हे नेमके उलटे आहे. शाळेच्या दाखल्यासाठी आजीला न्यायालयाची पायरी, आणि हिशेब चुकवणाऱ्या काकाला शंभर रुपये.

इतर देशांनी हा गुंता दोन प्रकारे सोडवला आहे. इंग्लंडने २००२ च्या कायद्याने 'विशेष पालकत्वा'चा आदेश आणला आणि तो डिसेंबर २००५ पासून अमलात आला. तो मिळालेली आजी किंवा मावशी मुलाविषयीचे रोजचे निर्णय स्वतःच्या अधिकारात घेऊ शकते. जन्मदात्यांशी असलेले कायदेशीर नाते मात्र तुटत नाही. दत्तक आणि नुसता ताबा यांच्या मधली ही पायरी आपल्याकडे नाही. कॅलिफोर्नियाची पद्धत याहून साधी: मुलाला घरात सांभाळणारा नातेवाईक एका विहित नमुन्यात प्रतिज्ञापत्र भरतो, आणि त्यावर शाळाप्रवेश व वैद्यकीय उपचारांना संमती देऊ शकतो. न्यायालय नाही, वकील नाही. आईवडिलांचा अधिकार शाबूत. त्यांनी विरोध केला तर त्यांचे म्हणणे वरचढ ठरते.

आपल्याकडे यातले काय जमेल? प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे, जिल्हा बाल संरक्षण अधिकारी आहे. सांभाळ-अनुदान देताना हीच यंत्रणा घरभेट घेते, अहवाल करते. त्याच अहवालावर नातेवाइकाला एक सांभाळपत्र द्यावे: एक वर्षापुरते, दरवर्षी पडताळणी होऊन पुढे चालणारे, आणि फक्त शाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती, ओळखपत्र एवढ्यापुरते. पैशाच्या मोठ्या देवघेवीला ते चालू नये, स्थावराला तर मुळीच नाही. हयात आई किंवा वडिलांना नोटीस द्यावी. त्यांनी हरकत घेतली तर प्रकरण सरळ कुटुंब न्यायालयाकडे जावे. यासाठी संसदेची वाट पाहण्याचेही कारण नाही. अज्ञान मुलांचा विषय समवर्ती सूचीत आहे. भोपाळ किंवा मुंबई, कोणतेही विधिमंडळ यात कायदा करू शकते. आणि १८९० च्या अधिनियमाच्या कलम ५० नुसार उच्च न्यायालयांना नियम करण्याचा अधिकार आहे. अंतरिम निर्णयाची मुदत, हिशेबाचे सोपे नमुने, दोन्ही न्यायालयांतील अर्जांची सांगड: ही कामे जबलपूरचे उच्च न्यायालय स्वतःच्या नियमांनी बरीचशी करू शकते. मे २०१५ मध्ये न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २५७ व्या अहवालात पालकत्वाच्या कायद्यात सुधारणा सुचवल्या होत्या. त्याचा भर विभक्त होणाऱ्या आईबापांवर होता; नातेवाइकांकडे वाढणारे मूल त्यात काठावरच राहिले.

सांभाळपत्रावरचा रास्त आक्षेप मी ऐकला आहे: अशा कागदाच्या आडून मुलांची खरेदी-विक्री होईल, भरपाईवर डोळा ठेवून दूरचे नातेवाईक उगवतील. ही भीती खोटी नाही. पण आज तो दूरचा नातेवाईक कोणताही कागद न घेताच मूल घेऊन जातो, आणि त्याच्या घरी कोणी अधिकारी कधीच जात नाही. नोंद झालेल्या घराची पडताळणी होते. नोंद न झालेल्या घराची होत नाही. दुसरा आक्षेप वडिलांच्या बाजूचा आहे. आई गेल्यावर दुःखात असलेल्या, कदाचित आजारी असलेल्या बापाने मूल थोडे दिवस मेव्हणीकडे ठेवले, तर ते कायमचे गेले असे होऊ नये. म्हणूनच मुदत एक वर्षाची, आणि त्यातून पालकत्वाचा दावा उभा राहणार नाही, असे स्पष्ट कलम हवे. १८९० च्या अधिनियमाचे कलम १९, २०१० च्या दुरुस्तीनंतर, आई किंवा वडील हयात व लायक असताना इतर कोणाला पालक नेमण्यास मनाई करतेच. ती मनाई राहू द्यावी. सोबत हेही लक्षात आणून द्यावे की मावशीकडे असलेल्या मुलाचा पोटगीचा हक्क बुडत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली ते वडिलांकडून मागता येते, ताबा कोणाकडेही असो.

एक सोपा उपाय आजही प्रत्येक आईबापाच्या हाती आहे. १९५६ च्या अधिनियमाचे कलम ९ त्यांना मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमू देते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार पुरतात. एकाच्या मृत्यूनंतर हयात जोडीदाराचाच अधिकार चालतो. त्यामुळे मरणासन्न आईला आपले मूल बहिणीच्या नावे लिहून देऊन बापाला बाजूला सारता येणार नाही, हे खरे. पण मृत आईबापांची इच्छा न्यायालयाने विचारात घ्यावी, असे १८९० च्या अधिनियमाचे कलम १७ सांगते, आणि तोंडी सांगितलेल्या इच्छेपेक्षा लिहिलेली इच्छा न्यायाधीशापुढे निश्चितच अधिक टिकते. फ्लॅटचे नॉमिनेशन काळजीने भरणारी पस्तिशीतली जोडपी हा एक कागद करत नाहीत. वकील मंडळीही क्वचितच सुचवतात, हे मी व्यवसायबंधूंना दुखावण्याची जोखीम पत्करून लिहितो.

मध्य प्रदेश शासनाकडे बाल आशीर्वाद योजनेच्या लाभार्थ्यांची जिल्हावार यादी आहे. प्रत्येक नावासमोर सांभाळणाऱ्या नातेवाइकाचेही नाव आहे, कारण खाते संयुक्त आहे. जबलपूर जिल्ह्याची यादी घ्यावी, त्यातल्या किती मुलांसाठी न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश निघालेला आहे ते तपासावे, आणि उरलेल्यांची घरे सांभाळपत्रासाठी पहिल्या टप्प्यात निवडावीत. महाराष्ट्रालाही आपल्या बालसंगोपन योजनेच्या नोंदींवरून हेच करता येईल. आदेश नसलेल्या मुलांची संख्या किती निघते, ते विधानसभेच्या पटलावर ठेवावे.